मामांची साखर आणि आत्यांचा राग : स्वयंपाकघरातले हे भांडण कसे मिटवावे?

शेळगीची सून यांचा प्रश्न

नमस्कार. मी सोलापुरात शेळगी भागात राहते. घरात सासूसासरे, माझे यजमान, मी आणि आमची दोन मुले अशी सहा माणसे आहोत. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात, म्हणून पुढेही तसेच लिहिते.

मामा आता 64 वर्षांचे आहेत. पस्तीस वर्षे त्यांनी चादरीच्या जेकार्ड मागावर काम केले, त्यातली निम्मी रात्रपाळीत. गणपतीनंतर त्यांना रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागू लागले आणि पायाला लागलेले साधे खरचटणे महिना झाला तरी भरेना, तेव्हा यजमानांनी आग्रहाने तपासणी करून घेतली. उपाशीपोटी साखर 172 निघाली, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 8.6 आली आणि रक्तदाब 152/94 भरला. डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायची गोळी दोन वेळा सुरू केली, रक्तदाबाची एक दिली आणि खाण्यापिण्यात बदल करा असे सांगितले. इथपर्यंत सगळे ठीक होते.

अडचण त्यानंतर सुरू झाली. माझ्या यजमानांनी मोबाईलवरून कुठलासा तक्ता छापून आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला. एका बाजूला ‘चालेल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वर्ज्य’. त्या ‘वर्ज्य’च्या खाली त्यांनी पेनाने आपल्या मनाची भर घातली : शेंगापोळी, हुग्गी (गव्हाची गोड खीर), शेंगाची चटणी, भजी, तुपाची धार. आत्या चष्मा लावून तो तक्ता उभ्याने शेवटपर्यंत वाचत राहिल्या आणि मग एवढेच म्हणाल्या, “चाळीस वर्षं ह्याच हातचं खाल्लं ना? मग मीच आजारी पाडले म्हणा की ओ.”

त्या दिवसापासून त्या मामांचा स्वयंपाक वेगळा करतात. मीठ न घातलेला उकडलेला दुधीभोपळा, कोरडे दोन फुलके आणि पाण्यासारखी आमटी असे ताट त्या मामांपुढे ठेवतात आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतात. आम्ही बाकीचे त्याच खोलीत कडक भाकरी, भरल्या वांग्याचे कालवण आणि चटणी खातो. मामा काही बोलत नाहीत. जेवण झाले की “देवळात जाऊन येतो” म्हणून निघतात, आणि परतल्यावर त्यांच्या शर्टाला कांदाभज्यांचा वास येतो. हे मला माझ्या सात वर्षांच्या मुलीने सांगितले, तेही सर्वांसमोर, त्यामुळे त्या रात्री घरात कुणीच नीट जेवले नाही.

मागच्या रविवारी तर कळस झाला. सकाळी उपाशीपोटी मामा मुलांना डाळिंब सोलून देत बसले होते. यजमानांनी घरच्या यंत्रावर त्यांचे बोट टोचले तर आकडा 318. आत्यांना रडू फुटले, यजमान “रात्री बाहेर काय खाल्लं?” म्हणून मामांवर ओरडले, मामा शपथा घेऊ लागले. अर्ध्या तासाने जवळच्या दवाखान्यात मोजली तर 149. यंत्र बिघडले आहे की मामा काही लपवत आहेत, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

माझा मुख्य प्रश्न औषधाचा नाही, तो डॉक्टरांनाच विचारू. आत्यांच्या मनातला हा सल कसा काढावा आणि एका घरात दोन चुली मांडल्यासारखे जे झाले आहे ते कसे मोडावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. जाता जाता दोन शंका : ज्वारीची भाकरी मधुमेहात कितीही खाल्ली तरी चालते असे सगळे सांगतात, ते खरे आहे का? आणि मामा दरवर्षी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, नंदीध्वजांच्या (उंच मानाच्या काठ्यांच्या) मिरवणुकीबरोबर अनवाणी चालतात, यंदाही चालणारच म्हणतात, त्याचे काय करावे?

बाळी वेशीतल्या मावशी

पोरी, सर्वांत आधी तो दारावरचा तक्ता काढ. फाडू नकोस, तुझ्या नवऱ्याच्या मनालाही लागेल. नुसता काढून त्याच्या फाईलमध्ये ठेव.

मी स्वतः सासू आहे आणि माझ्या मालकांना अकरा वर्षांपासून साखर आहे, म्हणून तुझ्या आत्यांच्या बाजूने बोलते. ज्या बाईने आयुष्यभर चुलीपुढे बसून माणसे जगवली, तिला एक दिवस कागदावरून कळते की तिच्या हातचे सगळे वर्ज्य आहे, आणि तेही कुणी तोंडाने सांगत नाही, तर पोटचा मुलगा पेनाने लिहून ठेवतो. त्या बिनमिठाच्या दुधीत पथ्य थोडे आणि राग फार आहे. आमच्या घरी मीही असेच केले होते, मी तर सहा महिने भोपळाच शिजवत होते.

माझा राग कसा गेला ते सांगते. आमच्या डॉक्टरांनी पुढच्या वेळी मालकांना आत घेण्याऐवजी आधी मला आत बोलावले आणि विचारले, “मावशी, तुम्ही आमटीला किती माणसांना किती डाळ घेता?” मला कुणी तरी काही विचारले, एवढ्यानेच माझे अर्धे काम झाले. तेव्हा पुढच्या तपासणीला आत्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या. तू आणि तुझे यजमान बाहेर बाकावर बसा.

निवृत्त परिचारिका, जुळे सोलापूर

ताई, मावशींनी मनाचे सांगितले आहे, मी आकड्यांचे सांगते, कारण तुमच्या घरातला बराच दोष आकडे चुकीचे वाचल्यामुळे आत्यांच्या माथी गेलेला दिसतो.

पहिल्यांदा त्या 318 बद्दल. मामा लपवत नव्हते आणि यंत्रही बिघडलेले नसावे. डाळिंब सोललेल्या बोटावर फळाचा रस राहतो, त्या रसातली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते, आणि एवढ्याशा थेंबात ती थोडी असली तरी आकडा दुपटीने चढू शकतो. आंबा, केळे, चिक्कू सोलल्यावरही असेच होते. नुसते हात झटकून किंवा कापसाने पुसून भागत नाही, साबणाने धुऊन कोरडे करावे लागतात. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण हात धुण्यातही काटकसर करतो, पण बोट टोचण्याआधी तांब्याभर पाण्याचा हिशेब करू नये. यंत्राच्या पट्ट्यांची डबीही घट्ट बंद आणि उन्हापासून दूर ठेवा. स्वयंपाकघरात गॅसशेजारच्या फळीवर ठेवलेल्या पट्ट्या दमट होतात आणि वाटेल ते सांगतात. त्या रविवारी आत्या रडल्या आणि मामांनी शपथा घेतल्या त्या डाळिंबाच्या दाण्यांपायी. तुमच्या यजमानांनी हे दोघांनाही स्वतःच्या तोंडाने सांगावे असे मला वाटते.

आता मूळ मुद्दा. मधुमेह कुणाच्या एका हातच्या स्वयंपाकाने होत नाही. आईवडिलांकडून आलेला वारसा, वय, पोटाचा घेर, बसून राहणे, अपुरी झोप अशी अनेक कारणे एकत्र येतात, आणि वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये तो अधिक आढळतो हेही अभ्यासांतून दिसले आहे. मामांनी कामाची निम्मी वर्षे रात्रपाळी केली असे तुम्हीच लिहिले आहे. त्याहून एक साधी गोष्ट विचारा : मागावर असताना ते दिवसाला किती चहा घेत होते आणि आता किती घेतात? कारखान्यातल्या माणसाला सात कप चहा म्हणजे काहीच नाही. एका कपात दोन चमचे साखर धरली तर चौदा चमचे होतात, म्हणजे 60 ग्रॅमच्या आसपास साखर, आणि ती भुकेसाठी नसून जागे राहण्यासाठी घेतलेली. हा चहा आत्यांनी केलेला नव्हता. मी हे त्यांची समजूत काढण्यासाठी लिहीत नाही, तुम्ही खरोखरच मोजून पाहा.

ज्वारीबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले याचा मलाही अभिमान आहे आणि मालदांडी ज्वारीच्या भाकरीवाचून माझे जेवण होत नाही, पण ते मानांकन ज्वारीच्या वाणाला आणि मातीला मिळाले आहे, तिच्यातल्या पिष्टाला नव्हे. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 70 ग्रॅमच्या आसपास पिष्टमय भाग असतो, गव्हातही साधारण तेवढाच असतो. एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ लागले तर 40 ग्रॅम पिष्ट पोटात गेले, आणि कडक भाकरी पापडासारखी पातळ व कुरकुरीत असल्यामुळे तीन कधी संपल्या ते कळतच नाही. ज्वारी चांगली, कारण तिच्यात चोथा असतो, ती चावून खावी लागते आणि पोट भरल्यासारखे वाटते. परंतु ‘कितीही’ हा शब्द पथ्यात बसत नाही. मामांना दीड भाकरी द्या, फुलक्यांची गरज नाही. ताटात आधी कच्ची काकडी-गाजर-मेथी, मग घट्ट आमटी किंवा उसळ आणि शेवटी भाकरी, असा क्रम ठेवला तर जेवणानंतर साखर कमी उसळते. त्यासाठी वेगळा स्वयंपाक नको, ताट वाढण्याचा क्रम बदलला की झाले.

शेंगाची चटणी ‘वर्ज्य’ कुणी ठरवली कोण जाणे. शेंगदाण्यांनी साखर फारशी वाढत नाही. 100 ग्रॅम दाण्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि त्याहून बरीच अधिक चरबी असते, म्हणून मूठभर नको, चमचाभर हवी. तिच्यातले मीठ मात्र मामांच्या रक्तदाबाला नडते. दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, एवढी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितली आहे, आणि लोणचे, पापड, चटणी व वरून घेतलेले मीठ यांतच ती संपून जाते. उखळात चटणी कुटताना मीठ निम्मे करून लसूण आणि जिरे वाढवायला आत्यांना सांगा. नव्हे, सांगू नका, त्यांना विचारा. माझ्या अनुभवात असल्या बाबतीत जुन्या बायका कुठल्याही आहारतज्ज्ञाला मागे टाकतात.

शेंगापोळीत गूळ असतो, आणि गूळ म्हणजे साखरच, त्यात सवलत नाही. संक्रांतीला पाव पोळी देऊन त्या जेवणात भाकरी काढून टाकावी.

आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती तुम्ही विचारलेली नाही. वडिलांना मधुमेह असला की मुलाला होण्याची शक्यता वाढते. तुमच्या यजमानांचे वय तिशीच्या पुढे असेल तर त्यांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी. तीस वर्षांवरच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासतात. पोटाचा घेर पुरुषांमध्ये 90 आणि स्त्रियांमध्ये 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की आपल्या लोकांनी सावध व्हायचे असते. ज्या ताटात मामांचे पथ्य आहे तेच ताट घरातल्या सहाही जणांसाठी योग्य आहे. एकट्या मामांपुढे वेगळे ताट आले म्हणून ते भज्यांकडे गेले.

एक हितचिंतक

गोळ्यांच्या नादी कशाला लागता? रोज सकाळी कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड द्या, दोन महिन्यांत गोळ्या बंद होतील. आमच्या ओळखीत एकाच्या झाल्या आहेत.

निवृत्त परिचारिका, जुळे सोलापूर

कारल्याची भाजी मामांनी आवडीने खावी, तिला माझी काहीच हरकत नाही. मात्र 8.6 एचबीएवनसी असलेल्या माणसाच्या गोळ्या रसाच्या भरवशावर बंद करू नयेत. ताई, गोळी कमी करायची की वाढवायची हे तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी करून डॉक्टरच ठरवतील. गोळ्या बंद केल्यावर माणसाला लगेच काही वाटत नाही, त्यामुळे बरे झालो असे वाटते, आणि डोळ्याचा पडदा व मूत्रपिंड यांचे नुकसान मुकाट्याने चालू राहते. डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पाय यांची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी.

विजापूर रोडचा गोडबोल्या

सूनबाई, वरच्या सर्वांनी चांगलेच लिहिले आहे, पण मामांच्या जागी बसून कुणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मी बस चालवून निवृत्त झालेलो आहे आणि सोळा वर्षांचा जुना साखरवाला आहे. टोपणनाव माझ्या नातवाने ठेवले आहे.

वेगळ्या ताटाचे दुःख काय असते ते सांगतो. त्यात पदार्थ काय आहे याला महत्त्व नसते. आपण त्याच घरात, त्याच पंगतीत बसलेलो असतो आणि मधूनच सगळ्यांची नजर आपल्या ताटावरून फिरून जाते. कुणी वाटी उचलून बघते, कुणी “अहो, तेवढं पुरे” म्हणते. ज्याने घर चालवले त्याच्या ताटावर घराचा पहारा बसतो. मग माणूस बाहेर जातो. तिथे त्याला कुणी काही विचारत नाही. मी भज्यांपेक्षा त्या न विचारण्यासाठी जात होतो, असे आता वाटते. तुमच्या यजमानांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल : मामा बाहेरून आले की वास घेऊ नये, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जावे, वाटेत साखरेचा विषय काढू नये. सात वर्षांच्या नातीला मात्र हेरगिरीतून निवृत्त करा.

आता पायाचे. हे मी मनापासून सांगतो. चार वर्षांपूर्वी मी नवे बूट घालून सकाळी बाजारात गेलो, परत आलो, दुपारी झोपलो, पुन्हा बूट घालून संध्याकाळी बाहेर पडलो. रात्री मोजा काढला तेव्हा तो ओला लागला. उजेडात धरला तर रक्त होते, आणि बूट उलटा केला तर आतून एक खिळा वर आलेला. दिवसभर मी त्या खिळ्यावर चाललो होतो आणि मला तो कळला नव्हता. साखर जुनी झाली की पायाच्या नसा अशा मुक्या होतात. ती जखम भरायला अडीच महिने लागले. तेव्हापासून मी रोज रात्री खाटेवर बसून आरशात तळवे बघतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो आणि बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपतो. थंडीत पाय शेकायला गरम पाण्याची बादली घेत असतील तर पाणी आधी दुसऱ्याने हाताने बघावे. आपल्याकडे वैशाखात डांबरी रस्त्यावर अनवाणी चालून तळवे पोळल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या माणसाला घरी आल्यावरच कळले होते.

नंदीध्वजांबरोबर चालण्याची ओढ मला समजते. बाराबंदी (यात्रेचा पांढरा पोशाख) घालून मीही तरुणपणी चाललो आहे. पहिल्या दिवशी सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या 68 लिंगांना प्रदक्षिणा असते, ते चालणे लांबचे असते आणि रस्त्यात खडी, काचा, काय नाही ते असते. मामांना ‘जाऊ नका’ म्हणून कुणी सांगू नये, ते नक्की जातील. आधी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. बारीक नायलॉनचा दोरा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटून सांगायला लावतात, दोन मिनिटांचे काम आहे. जे निघेल ते मामांनी स्वतः पाहू दे, निर्णय त्यांचा त्यांना करू दे.

मी इन्सुलिनवर आहे म्हणून आणखी एक. मामांच्या गोळ्यांमध्ये पुढे कधी साखर एकदम उतरवणारी गोळी आली, तर औषध घेऊन जेवण चुकवणे धोक्याचे असते. घाम सुटला, हात थरथरले, डोके भणभणले आणि यंत्र 70 च्या खाली दाखवू लागले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. त्या वेळी साखर हेच औषध असते, तिथे पथ्य आठवू नये. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि वीज गेली की फ्रिजचाही भरवसा राहत नाही, तेव्हा माझी बायको चालू इन्सुलिन एका मडक्यात दुसरे लहान मडके आणि मधे ओली वाळू अशा व्यवस्थेत ठेवते. डॉक्टरांनी पाहून पसंत केले आहे.

पंढरपूर रस्त्यावरची वाचक

मामा-आत्या एकादशी करतात का? आमच्या सासऱ्यांची महिन्यातली सर्वांत जास्त साखर उपवासाच्या दिवशी निघायची, आणि आम्ही मात्र “आज काही खाल्लं नाही” अशा समाधानात असायचो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅमहून अधिक, वर बटाटा आणि रताळे. आता ते दाण्याची आमटी, थोडी भगर, ताक आणि काकडीची कोशिंबीर घेतात, आणि उपवासाआधी गोळ्यांचे डॉक्टरांना विचारून घेतात. विठोबाची काही तक्रार आलेली नाही.

शेळगीची सून

सर्वांना नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबायचे ठरवले होते.

तक्ता काढला. डाळिंबाच्या रसाची गोष्ट यजमानांनी मामांना सांगितली, पण आधी करून पाहिली : स्वतःचे बोट धुऊन मोजले, मग डाळिंबाचे चार दाणे चुरगाळून दुसरे बोट टोचले. आकड्यांमधला फरक पाहून आत्या प्रथमच हसल्या. यजमान मामांना म्हणाले, “चुकलं माझं, त्या दिवशी ओरडायला नको होतं.” मामा काही बोलले नाहीत, फक्त उरलेले डाळिंब उचलून मुलांना दिले आणि हात धुवायला गेले.

चहाचा हिशेब मी आत्यांसमोर काढला. मागावर असताना नऊ कप, असे मामांनीच सांगितले, आणि दोन चमच्यांऐवजी तीन. आत्या काही वेळ बोटांवर मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, “सत्तावीस चमचे? आणि माझ्या हुग्गीला नावं ठेवता?” तिथून पुढे त्यांचा राग आमच्यावरचा उतरून त्या चहावाल्यावर गेला, जो बिचारा केव्हाच गाव सोडून गेला आहे. आम्ही कुणी त्याची बाजू घेतली नाही.

तपासणीला आत्या गेल्या, आम्ही बाकावर बसलो. आत काय बोलणे झाले ते त्यांनी अजून पूर्ण सांगितलेले नाही, पण घरी आल्यावर त्यांनी पितळेची एक जुनी वाटी काढून पिठाच्या डब्यात टाकली आणि “एका वाटीची एक भाकरी, सगळ्यांना दीड” असे जाहीर केले. सगळ्यांना म्हणजे मलाही आणि माझ्या यजमानांनाही, ज्यांना पहिल्या दोन दिवशी रात्री अकरा वाजता भूक लागली. चटणीत मीठ निम्मे झाले आहे, लसूण दुप्पट, आणि ती आधीपेक्षा चांगली लागते असे मुले म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण मी बोललेले नाही. दुधीभोपळा गेला. आता एकच स्वयंपाक असतो आणि आत्या कट्ट्यावर न बसता पंगतीत बसतात. कार्तिकी एकादशीला मात्र आम्ही उशिरा जागे झालो, खिचडी खाऊन झाल्यावर मामांची साखर 241 होती. पुढच्या एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी ठरली आहे.

मामांच्या पायाची तपासणी झाली. डाव्या पायाला सगळीकडे दोरा कळला. उजव्या अंगठ्याखाली तीन वेळा टेकवला तरी मामा डोळे मिटून “अजून लावला नाही का?” असे विचारत होते. डोळे उघडून त्यांनी तो तिथे टेकवलेला पाहिला आणि बराच वेळ पायाकडेच बघत बसले. घरी येताना रिक्षात म्हणाले की यंदा मऊ तळव्याचे पांढरे कापडी बूट घालून चालेन आणि देवळात शिरताना काढीन, सिद्धरामेश्वर समजून घेतील. कुणी त्यांना हे सुचवलेले नव्हते. रोज रात्री आत्या आरसा धरतात आणि मामा तळवे बघतात. ते काम नातीने मागून घेतले होते, पण गोडबोल्या काकांच्या सल्ल्याप्रमाणे तिला निवृत्त केले आहे.

भजी पूर्ण बंद झालेली नाहीत. मागच्या गुरुवारी मामा आले तेव्हा वास होता, कुणीही विचारले नाही, आणि जेवताना त्यांनी स्वतःच अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवली.

परिचारिका ताईंच्या सांगण्यावरून आत्यांनी आणि मी आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घेतले. माझी उपाशीपोटी 91 आली. आत्यांची 117, म्हणजे मधुमेह नाही पण उंबरठ्यावर, असे तिथल्या बाईंनी सांगितले. आत्या घाबरतील असे मला वाटले होते, तर त्या बाहेर येऊन मामांना म्हणाल्या, “आता तुमच्यासाठी नाही हं, माझ्यासाठी करते मी पथ्य.” तेव्हापासून रात्री जेवण झाल्यावर दोघे कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत जाऊन परत येतात, पंधरा मिनिटे लागतात. भांडणही वाटेतच उरकतात, असा माझा अंदाज आहे.

यजमानांची तपासणी राहिली आहे. पोटाचा घेर मी टेपने 97 मोजला, तो त्यांना मान्य नाही. ते गेले तीन आठवडे “पुढच्या सोमवारी नक्की” असे म्हणत आहेत.